सव्वासतरा वर्षांचा मायकेल चँग



५ जून १९८९, सोमवार. पॅरिसला रोलाँ गारोसच्या लाल मातीवर फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीचा सामना चालू होता. एका बाजूला इव्हान लेंडल, जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, ही स्पर्धा आधी तीनदा जिंकलेला. समोर अमेरिकेचा मायकेल चँग, वय अवघं सव्वासतरा, उंची पाच फूट नऊ इंच. लेंडलने पहिले दोन सेट ६-४, ६-४ असे घेतले. इथवर सगळं पंचांगात लिहिल्याबरहुकूम झालं.

मग पोराने दोन सेट परत घेतले, ६-३ आणि ६-३. पण त्याची किंमत पायांनी मोजली. दोन्ही पायांत पेटके आले. बाजू बदलताना खुर्चीत बसलं तर पुन्हा उठता येणार नाही, या धास्तीने तो उभ्याउभ्याच पाणी पीत होता, केळी खात होता. पाचव्या सेटमध्ये २-१ अशी आघाडी असताना तो सामना सोडायला पंचांकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरला. एकदा सोडलं की पुढच्या वेळी सोडणं सोपं होतं, असं काहीसं आपल्या मनात आलं, हे त्याने नंतर सांगितलं.

अशा वेळी ‘काय खंबीर मन!’ म्हणायचा आपल्याकडे रिवाज आहे. मला तो थोडा आळशी वाटतो. मन खंबीर असेलही, पण नुसत्या खंबीर मनाने चेंडू नेटपलीकडे जात नाही. चँगने पुढे काय केलं ते पाहायला हवं. पाय चालत नव्हते, म्हणून तो चेंडू उंच, अगदी आभाळात उडवू लागला. तो खाली येईपर्यंत श्वास घ्यायला सवड मिळायची. जरा संधी दिसली की लांबलचक रॅलीच्या फंदात न पडता थेट रेषेवर फटका. लेंडलचा खेळ घड्याळासारखा होता. समोरून जोरकस चेंडू येत राहिला की त्याची लय जमायची. आता समोरून जोरच येईना, आणि लय कुठून आणायची ते लेंडलला कळेना.

आणि मग ती सर्व्हिस. पाचव्या सेटमध्ये चँग ४-३ ने पुढे, पण त्याच्याच सर्व्हिसवर गुण १५-३०. त्याने चेंडू वर फेकलाच नाही. गल्लीतली पोरं करतात तशी अंडरआर्म सर्व्हिस केली. लेंडल दचकून पुढे धावला आणि तो गुण गमावून बसला. हा रडीचा डाव, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. नियमात बसणाऱ्या गोष्टीला रडीचा डाव म्हणणं मला पटत नाही. शिवाय पायाने अधू झालेल्या पोराने दुसरं करायचं तरी काय?

खरी गंमत पुढे आहे. तोवर दडपण नेट ओलांडून पलीकडे गेलं होतं. लंगडणारा पोरगा हरला असता तर कुणी नावं ठेवली नसती. लेंडल मात्र अशा पोराकडून हरला असता तर जगाला काय तोंड दाखवणार होता? चँग ५-३ ने पुढे, मॅच पॉइंट, लेंडलची दुसरी सर्व्हिस. चँग पुढे चालत आला, जवळजवळ सर्व्हिस कोर्टाच्या रेषेपर्यंत, आणि तिथे उभा राहिला. लेंडलने डबल फॉल्ट केला. चार तास सदतीस मिनिटांचा सामना असा संपला.

पुढचे दोन सामने, रोनाल्ड अजेनोर आणि आंद्रेई चेस्नोकोव्हविरुद्धचे, प्रत्येकी चार सेटचे झाले. त्यांच्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सांगायला हवं ते त्याच दिवसांतल्या रात्रींबद्दल. बीजिंगच्या तिआनानमेन चौकात ३ आणि ४ जूनला गोळीबार झाला होता. चिनी वंशाचं चँगचं कुटुंब पॅरिसच्या हॉटेलात टीव्हीसमोर बसून त्या बातम्या पाहत होतं. चिनी माणसांना थोडं हसू यावं म्हणून आपल्याला जिंकायचं होतं, असं चँग पुढे बोलला आहे. टेनिसपेक्षा कितीतरी मोठं काही घडत असताना मॅच पॉइंटची भीती जरा लहान होत असेल का? तसं असावं, असा आपला माझा तर्क.

११ जूनच्या अंतिम सामन्यात स्टेफान एडबर्गने २-१ अशी सेटची आघाडी घेतली. चौथ्या सेटमध्ये चँगची सर्व्हिस पुन्हापुन्हा अडचणीत आली आणि पुन्हापुन्हा सुटली. निकाल ६-१, ३-६, ४-६, ६-४, ६-२. पुरुष एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारा सर्वांत लहान खेळाडू, हा त्याचा मान अजून कुणी हिरावलेला नाही. १९५५ च्या टोनी ट्रॅबर्टनंतर पॅरिसला जिंकलेला हा पहिला अमेरिकी पुरुष.

त्यानंतर चँगने ग्रँड स्लॅम जिंकली नाही. १९९५ आणि १९९६ मध्ये मिळून तीन अंतिम सामने तो हरला. म्हणून काहीजण त्याला एका उन्हाळ्याचा खेळाडू म्हणतात. जागतिक क्रमवारीत दुसरा क्रमांक आणि कारकिर्दीत एकूण चौतीस विजेतेपदं मिळवलेल्या माणसाला असं म्हणायला जीभ कशी रेटते, कोण जाणे.

एडबर्गचं मात्र खरोखर राहून गेलं. विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपन त्याने प्रत्येकी दोनदा जिंकल्या. फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत तो पुन्हा कधी पोहोचलाच नाही.