ओलावा ओळखणारा कापूस



दिवाळीनंतर अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा सगळ्यांची नजर ओलावा मोजणाऱ्या छोट्याशा यंत्रावर असते. आकडा 8 टक्क्यांच्या आत राहिला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, आणि 12 ओलांडले की भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) माल घेतच नाही. मग ग्रेडरशी हुज्जत होते आणि कापूस पुन्हा उन्हात पसरला जातो. या हुज्जतीच्या मुळाशी सेल्युलोज आहे. कापसाच्या तंतूत ते 90 टक्क्यांहून जास्त असते आणि हवेतले पाणी धरून ठेवणे हा त्याचा स्वभावच आहे. वऱ्हाडी शेतकऱ्याचे पैसे कापणारा हाच स्वभाव जगातल्या काही प्रयोगशाळांना मात्र फार मोलाचा वाटतो.

या प्रयोगांची सुरुवात 1950च्या सुमारास स्वीडनमध्ये झाली. तीव्र सल्फ्युरिक आम्लात तंतू ठेवला की त्यातला विस्कळीत भाग विरघळतो आणि घट्ट, स्फटिकासारख्या काड्या मागे उरतात. कापसापासून निघणाऱ्या या काड्या साधारण 5 ते 10 नॅनोमीटर रुंद आणि 100 ते 300 नॅनोमीटर लांब असतात. 1992 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात डेरेक ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की पाण्यातल्या या काड्या आपोआप मळसूत्री थरांत रचल्या जातात. ते पाणी वाळवले की पातळ पापुद्रा उरतो, आणि रंगाचा थेंबही न घालता तो चमकदार रंग दाखवतो. दमट हवेत थर फुगतात आणि रंग तांबड्याकडे सरकतो. ओलावा सांगायला इथे ना बॅटरी लागते, ना तार.

त्याहून नवलाचे काम 2008चे. समुद्री काकडी नावाचा प्राणी आपली कातडी क्षणात ताठ किंवा मऊ करू शकतो. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात ख्रिस्तोफ वेडर, स्टुअर्ट रोवन आणि जेफ्री कॅपाडोना यांच्या गटाने सेल्युलोजच्या काड्या रबरासारख्या पॉलिमरमध्ये मिसळून तीच करामत साधली. कोरडे असताना काड्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून राहतात आणि पदार्थ कडक असतो. पाणी आत शिरले की काड्या पाण्याशीच बंध जोडतात, त्यांची जाळी सुटते आणि पदार्थाचा ताठपणा 800 मेगापास्कलवरून 20 वर येतो. वाळला की पुन्हा पहिल्यासारखा. मेंदूत बसवायच्या विद्युतसुईसाठी ही कल्पना मोठी उपयोगाची आहे. आत जाताना सुई कडक हवी, गेल्यावर ती मऊ व्हायला हवी, म्हणजे भोवतालच्या पेशींना इजा कमी होते.

पहिल्या प्रयोगातल्या काड्या समुद्री जीवापासून काढलेल्या होत्या. 2010 मध्ये याच गटाने त्या कापसापासून केल्या. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक कधिरवन षण्मुगनाथन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधक म्हणून आले. म्हणजे हा विषय परदेशातल्या मासिकापुरता उरलेला नाही. 1924 मध्ये माटुंग्याला सुरू झालेल्या आणि आज सिरकॉट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने नॅनोसेल्युलोज, म्हणजे नॅनोमीटर मापाचे सेल्युलोज, तयार करणारा प्रायोगिक प्रकल्पही उभारला आहे.

तरी टाळ्या जरा थांबून वाजवाव्यात. आम्लाच्या पद्धतीत धुण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि उरलेल्या आम्लाची व्यवस्था लावावी लागते. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या गावांजवळ असा कारखाना काढायला सांगणे हा सल्ला नव्हे, थट्टा ठरेल. शिवाय चांगली रुई यासाठी वापरणे परवडणारे नाही. नजर वळवायची तर ती सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंकडे आणि पऱ्हाटीकडे, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरलेल्या कापसाच्या झाडांकडे. पऱ्हाटीत सेल्युलोजबरोबर लिग्निनही बरेच असते, ते आधी काढावे लागते. पण खरी अडचण त्याही आधीची आहे. हलका पण जागा अडवणारा हा माल पाच-सात एकरांच्या विखुरलेल्या वावरांतून गोळा करायचा कोणी, आणि कोणत्या भावाने? गुलाबी बोंडअळीला आसरा मिळू नये म्हणून फरदड (त्याच झाडांचे लांबवलेले पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा, असे कृषी विद्यापीठ सांगत असते. उपटलेली पऱ्हाटी आज चुलीत जाते किंवा धुऱ्यावर पेटते. तिला चार पैसे मिळाले तर हा सल्ला पाळणे सोपे जाईल, आणि हा फायदा कोणत्याही चमकदार पापुद्र्याहून लवकर हाती येणारा आहे.

वऱ्हाडाला कच्चा माल देण्याची जुनी सवय आहे. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ गाठणारी शकुंतला रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने आणली, ती कापूस बाहेर नेण्यासाठी. गाठी मुंबईमार्गे मँचेस्टरला गेल्या, कापड होऊन परत आल्या. नॅनोसेल्युलोजची भुकटी इथून आणि तिच्यापासून बनलेला संवेदक परदेशातून, असा करार उद्या झाला तर त्यात नवे काय?

म्हणून इथल्या पदवीधराने इथला प्रश्न धरावा. उदाहरणार्थ, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेला पुसा हायड्रोजेल तयार केला. शुद्ध पाण्यात तो आपल्या वजनाच्या किमान 350 पट पाणी शोषतो आणि माती कोरडी पडू लागली की ते मुळांना देतो. कोरडवाहू शेतीला हे वरदानच वाटेल. पण पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे, आणि खारट पाण्यात असे जेल कमी फुगतात, कारण बाहेरचे क्षार आत पाणी शिरू देत नाहीत. त्यात इथली काळी माती स्वतःच पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्या दाबाखाली जेल किती फुगेल, हे दिल्लीच्या कुंडीत कळत नाही.

तेव्हा पऱ्हाटीच्या सेल्युलोजपासून जेल करायचाच असेल, तर पहिली चाचणी प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात नको. ती खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूरच्या किंवा दहिहांड्याच्या विहिरीच्या पाण्यात घ्यावी. जेल ओला-कोरडा होत किती वेळा टिकतो ते मोजावे, आणि त्याच वहीत दुसऱ्या रकान्यात क्विंटलभर पऱ्हाटीमागे शेतकऱ्याच्या हाती काय पडले तेही मांडावे. हा दुसरा रकाना शोधनिबंधांत बहुधा नसतो. विद्यापीठाने तो प्रबंधाच्या आराखड्यातच मागून घ्यायला हरकत नाही.