पुढचा प्रश्न

आज बोलायचंय ते जोडीदार शोधायला निघालेल्या मुलांशी. भेट कांदेपोह्यांची असो, नाहीतर अ‍ॅपवर ओळख झाल्यावर कॅफेत ठरलेली. शर्ट कोणता घालायचा यात अर्धा तास जातो. बोलण्याची तयारी मात्र तोंडी परीक्षेसारखी. छंद काय, ऑफिस कुठे, भावंडं किती, सगळं पाठ. ती सांगते, "सातवीपर्यंत मी आजोळी होते, चिपळूणला." हा म्हणतो, "अच्छा. सिनेमे आवडतात का?"

अहो, दार उघडलं होतं तिनं! आजोळी का? मग आठवीत नव्या शाळेत करमलं का? एवढंच तर विचारायचं होतं.

हे नुसतं माझं मत नाही बरं का. हार्वर्डच्या कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्पीड डेटिंगमधली, म्हणजे ओळीनं होणाऱ्या काही मिनिटांच्या भेटींमधली, संभाषणंही तपासली होती. समोरच्याच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचा होकार जास्त वेळा मिळाला. मुलींनाही हे लागू आहे, पण आज पाळी तुमची.

आणि ही सवय पहिल्या भेटीपुरती नाही. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं. "ती होडी बघ केवढी!" असं एक जण म्हणाला, तर दुसरा मान वर करतो का? पाहायचं ते इतकं साधं. सहा वर्षांनीही ज्यांचा संसार टिकला होता, त्यांनी अशा हाकांना शंभरातून सुमारे 86 वेळा ओ दिली होती. ज्यांचा मोडला, त्यांनी 33 वेळा. भांडणं दोन्ही घरांत होतीच.

मात्र विचारणं वेगळं आणि उलटतपासणी वेगळी. "आधी कुणी होतं का?" हा प्रश्न पहिल्या चहाला शोभत नाही. ती 'हो', 'नाही', 'ठीक' एवढ्यावरच थांबत असेल, घड्याळ पाहत असेल, तर तेही उत्तरच आहे, बिल मागवा. दोन दिवसांनी 'पुढे जायला नको' असा मेसेज आला, तर "कळवलंत, बरं झालं" एवढं लिहा. तिथे एक प्रश्न हमखास जिभेवर येतो, "का?" तेवढा मात्र विचारू नका.