एका डोंगराच्या दोन उतरणी

क्षेत्र महाबळेश्वरी गोमुखातून पडणारे पाणी ओंजळीत धरणाऱ्या यात्रेकरूच्या सहसा ध्यानी येत नाही की, येथेच उगम पावलेल्या नद्यांपैकी सावित्री कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीवाटे सिंधुसागरास मिळते, तर कृष्णा वाईवरून पूर्वेची वाट धरते ती थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. वनस्पती आणि प्राणी यांचे मुलूख कसे आखले जातात, हे पाहायचे तर या दोघींच्या सोबतीनेच डोंगर उतरावा.

माथा सुमारे ४,५०० फूट उंचीचा. हजार फूट चढले की उष्मा साधारणतः साडेतीन अंश फॅरनहाइटने उतरतो. त्यात २०० इंचांहून अधिक पाऊस आणि धुके. म्हणून येथील अंजनी, पिसा, जांभूळ हे वृक्ष वाऱ्याने खुजे केलेले, परंतु बारमाही हिरवे आणि अंगाखांद्यावर शेवाळ बाळगणारे. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. तेव्हा जेथवर झाडांचे शेंडे एकमेकांस भिडलेले, तेथवरच त्याचा अंमल.

सावित्रीच्या बाजूस आंबेनळीचा घाट उतरू लागताच उष्मा वाढतो, ऐन आणि किंजळ यांचे उंच, पानगळीचे रान लागते आणि शेवटी, गोडे पाणी खाऱ्यात मिसळते तेथे, चिखलातून श्वासमुळे वर काढून तिवर उभे असते. त्याच्या आश्रयास खेकडे आणि निवट्या.

कृष्णेच्या बाजूस मात्र पाचगणीपर्यंतच पाऊस ७० इंचांवर येतो आणि वाईस जेमतेम ३० इंच उरतो. तेथे बाभूळ आणि बोर. आणखी पूर्वेस, माणदेशी माळावर, कुसळी गवत आणि लांडगा.

आता वाईची उंची सव्वादोन हजार फुटांच्या आसपास, आणि तितक्याच उंचीवर आंबेनळीत घनदाट रान! उंचीचाच एकछत्री अंमल असता, तर ही दोन्ही स्थळे जुळी दिसती. परंतु समुद्रावरून आलेला नैर्ऋत्य वारा कड्याशी वर चढून थंडावतो, बहुतेक पाणी तेथेच रिते करतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. हिमालयात थंडी जो निवाडा देते, तो सह्याद्रीत बव्हंशी पाणी देते.

ही हद्द दाखविणारा दगड मोजणी खात्याने कोठेही रोवलेला नाही. पुढील खेपेस वाईकडे उतरताना मोटारीच्या खिडकीतून केवळ पाने पाहावीत: जांभळाच्या रुंद, तुकतुकीत पानापासून बाभळीच्या इवल्या पर्णिकेपर्यंत ती लहान होत जातात आणि काटे वाढतात. पाण्याचा हिशेब झाडांनी असा पानोपानी मांडून ठेवला आहे.