पाणी पाजणे म्हणजे शुद्ध पाणी पाजणे
(सेमाडोह येथील युवक शिबिरातील भाषण)



बाहेर सिपना वाहते आहे, डोंगर हिरवे आहेत. इथे पाण्याचा प्रश्न असेल असे वाटत नाही. पण याच चिखलदरा तालुक्यात, जुलै २०२२ मध्ये, पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन कॉलरा पसरला. माणसे दगावली. पाणी होते, पण शुद्ध नव्हते.

पाणी पाजण्याला आपण मोठे पुण्य मानतो. हजरत उस्मान यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली, हे लहानपणापासून ऐकतो. मोहरमला सबील लावतो. आईवडिलांच्या नावाने बोअर मारून देतो, त्याला सदका-ए-जारिया म्हणतो. जारिया म्हणजे चालू राहणारा. बोअर एकदाच मारला जातो, पाण्याची काळजी मात्र रोज घ्यावी लागते. हातपंपाचा ओटा फुटला आणि शेजारी सांडपाणी साचले, की तेच खाली झिरपते. पाटीवर नाव राहते आणि लेकरांना जुलाब लागतात.

ही काळजी महाग नाही. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर हजार लिटर पाण्याला अडीच ते पाच ग्रॅम लागते. पावडर घातल्यावर अर्धा तास थांबायचे. मग शेवटच्या घरच्या नळावर ओटी चाचणी करायची. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन तिथपर्यंत पोहोचले. पोते उघडे राहिले तर पावडरीचा जोर जातो, म्हणून ती कोरड्या जागी, घट्ट झाकून ठेवावी.

पावडर नसेल तर पाणी चांगले उकळा. इंधन कमी असेल तर स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास ठेवा. आभाळ असेल तर दोन दिवस. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्याने कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. पण गाळणे ही पहिली पायरी. गाळलेल्या पाण्यातही जंतू राहतात. आणि माठातून पाणी घ्यायला लांब दांड्याचे ओगराळे हवेच. हात बुडाला की सगळी मेहनत वाया.

एक सावधगिरी. खाली अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात क्लोरीनने जंतू मरतील, क्षार जाणार नाहीत. तिथे दुसरीकडून गोडे पाणी आणणे किंवा आरओ हाच मार्ग. आधी पाणी तपासा, मग उपाय ठरवा.

लोक म्हणतील, पाण्याला वास येतो. वाद घालू नका. भांडे थोडा वेळ ठेवले की वास कमी होतो, हे त्यांच्यासमोर करून दाखवा. इथे कोरकू बोलणाऱ्या आशाताईंना सोबत घ्या. आपण पाहुणे आहोत, त्या घरच्या आहेत. जलसुरक्षकाला विचारा, आज पावडर टाकली का? ग्रामसभेत ओटा दुरुस्तीचा विषय मांडा.

परत गेल्यावर आपल्या मोहल्ल्यातल्या, मशिदीच्या टाकीपासून सुरुवात करा. ती शेवटची कधी धुतली, हे विचारा. पुढच्या वेळी कोणी बोअरसाठी वर्गणी मागितली, तर जरूर द्या. पण वर्षभराच्या पावडरीचे आणि दुरुस्तीचे पैसे त्याच हिशोबात धरायला लावा.