रिमोट, माऊस आणि भरवसा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर मी दुसऱ्यांदा उभा आहे. पहिल्यांदा आठवीत वक्तृत्व स्पर्धेला उभा राहिलो होतो आणि चौथ्या वाक्याला अडकलो होतो. म्हणून आज कागद हातात ठेवलाय. मराठीच्या बाई समोर बसल्यात, त्यांनी तेवढं चालवून घ्यावं.

प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं असं ग्रुपवर ठरलं तेव्हा मी लिहिलं, "मी पुण्यात गेमिंगचे माऊस आणि कंट्रोलर दुरुस्त करतो." त्यावर एकाने विचारलं, "म्हणजे नक्की काय करतोस?" आणि एका मैत्रिणीने लिहिलं, "माझा मुलगा सहा हजारांचा माऊस मागतोय. तीनशेच्या माऊसला काय झालंय, ते सांग आधी." या दोन प्रश्नांची उत्तरं मी देणार आहे. शेवटी एक तीस वर्षांहून जुनी गोष्टही सांगायची आहे. ती सांगायला म्हणूनच खरं तर कराडला आलो.

आधी मुलांना या वस्तूचं एवढं वेड का, ते बघू. त्यासाठी लांब जायला नको. आपल्यातल्या कितीजणांनी कॉन्ट्रा खेळलाय? हात वर करा. बघा, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभी राहिलेली सगळी मंडळी यात आहेत. टीव्हीला जोडायचा तो डबा, पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. कंट्रोलर हा शब्द आपल्याला माहीत नव्हता, आपण रिमोटच म्हणायचो. तो डबा म्हणजे निन्टेन्डोने 1983 साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल होती. डाव्या अंगठ्याखालचं ते अधिकचिन्हासारखं बटण गुनपेई योकोई या तिथल्याच माणसाने केलं. 1982 च्या हातात धरायच्या एका छोट्या गेममध्ये ते पहिल्यांदा आलं, आणि आजच्या महागातल्या महाग कंट्रोलरवरही ते आहे.

त्या बटणाचं कौतुक एवढ्यासाठी, की त्याच्याकडे बघावं लागत नाही. डोळे पडद्यावर राहतात आणि अंगठ्याला आपोआप कळतं. उडी मारताना आपण सगळे रिमोट हातात धरून स्वतःच वर उचलायचो, आठवतंय? रिमोट त्या वेळी वेगळी वस्तू उरलेलीच नसायची. तुमच्या मुलाला सहा हजारांत तेच हवंय. त्यात दिवे असतात, मुलं दिव्यांना भुलतात हे खरं, पण मूळ ओढ हाताची आहे.

माऊसचंही तसंच. पहिला माऊस लाकडाचा होता. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांची बांधणी, साल 1964. खाली एकमेकांशी काटकोनात दोन चाकं आणि वर एकच बटण. 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. मग रबरी गोळीचे माऊस आले. त्या गोळीच्या आतल्या रुळांवर बसलेला मळ नखाने काढलेला तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. आता गोळी गेली. खाली एक बारका कॅमेरा असतो, तो टेबलाचे सतत फोटो घेतो आणि दोन फोटोंत काय सरकलं यावरून हालचाल ओळखतो.

मग साध्या आणि गेमिंगच्या माऊसमध्ये फरक काय? साधा माऊस बहुधा सेकंदाला 125 वेळा कॉम्प्युटरला आपली जागा कळवतो, गेमिंगचा 1000 वेळा. म्हणजे एक आठ मिलिसेकंदांनी बोलतो आणि दुसरा एका मिलिसेकंदाने. चिठ्ठ्या आणि बिलं टाइप करणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, नेमबाजीचा गेम खेळणाऱ्याला आहे. दुसरा फरक वजनाचा आणि हातात बसण्याचा. तो मात्र खोक्यावरच्या आकड्यांतून कळत नाही, मुलाचा हात ठेवूनच कळतो. तिसरी गोष्ट डीपीआय. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात वीस हजार, पंचवीस हजार लिहिलेलं असतं. चांगले खेळाडू बहुतेक 400 ते 1600 च्या दरम्यान खेळतात. त्यामुळे त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. दिव्यांसाठी तर नकोच.

आता टिकण्याबद्दल. माझ्या दुकानात माऊसची सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: "एकदा दाबलं की दोनदा लागतं." बटणाखाली नखाएवढा स्विच असतो. त्याच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते. बटण दाबलं की ती टकन् पलटते आणि खालच्या टिकलीला चिकटते. ती एका झटक्यात चिकटत नाही, कॅरमचा स्ट्रायकर कडेला आपटून परततो तशी थोडी थरथरते. माऊसमधला प्रोग्रॅम त्या थरथरीकडे काही मिलिसेकंद दुर्लक्ष करतो. पट्टीतला ताण कमी झाला किंवा टिकलीवर गंज धरला, की थरथर लांबते आणि माऊसला वाटतं तुम्ही दोनदा दाबलंत.

खोक्यावर लिहिलेलं असतं, दोन कोटी क्लिक. हिशोबाच्या सरांच्या साक्षीने करून बघू. मुलाने दिवसाला दहा हजार क्लिक केले तर दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं. मग माझ्याकडे दीड वर्षाचे माऊस का येतात? कारण तो आकडा प्रयोगशाळेतला आहे, ठरलेल्या विजेवर आणि ठरलेल्या दाबावर मोजलेला. माऊसमधून जाणारी वीज अगदी थोडी असते. मोठ्या विजेच्या स्विचमध्ये बारीक ठिणगी उडून गंज जळून जातो, इथे तसं होत नाही. शिवाय प्रयोगशाळेत कोणी चिवडा खात नाही, आणि हरल्यावर माऊस टेबलावर आपटतही नाही. अलीकडच्या काही माऊसमध्ये प्रकाशावर चालणारे स्विच आले आहेत. त्यात एक पडदी बारीक किरण अडवते किंवा सोडते, धातूला धातू लावून वीज वाहायचा प्रश्नच नाही. त्यांना हा दोनदा लागण्याचा रोग होत नाही. जुन्या प्रकारातला स्विच मी तपकीर गल्लीतून आणतो, तीन टाके सोडवतो आणि नवा बसवतो. वीस मिनिटांचं काम. त्याच्यासाठी अख्खा माऊस फेकू नका.

कंट्रोलरची तक्रार वेगळी: "मी हात लावला नाही तरी माणूस आपोआप चालतो." याला ड्रिफ्ट म्हणतात. घरातल्या जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर व्हायची, आठवते? त्या बटणाच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्याच्यावरून धातूचा एक काटा घासत फिरतो. कंट्रोलरवरच्या दांडीखाली तसेच दोन पट्टे असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. घासून घासून कार्बन झिजतो, त्याची भुकटी आत पडते, आणि दांडी मधोमध असली तरी काटा भलताच आकडा सांगतो. यात कोणा एका कंपनीचा दोष नाही, ही त्या रचनेचीच मर्यादा आहे. निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी 2020 मध्ये याच दुखण्याबद्दल ग्राहकांची माफी मागितली होती.

यावरचा उपाय फार जुना आहे. 1879 साली एडविन हॉल या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला दिसलं, की वीज वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला तर पट्टीच्या आडव्या बाजूला थोडा दाब तयार होतो. दांडीला चुंबक लावायचा, खाली तो दाब मोजणारा तुकडा ठेवायचा. कोणी कोणाला शिवतच नाही, म्हणून त्या जागी झीज नाही. सेगाने 1998 च्या ड्रीमकास्टमध्ये हेच वापरलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं बहुतेक कंट्रोलर घासणाऱ्या पट्ट्यांवरच चालले, आता पुन्हा हॉलच्या दांड्या मिळू लागल्यात. नवा कंट्रोलर घेणार असाल तर दुकानदाराला एवढं विचारा. पण त्यातली स्प्रिंग आणि प्लॅस्टिक झिजतंच, तेव्हा "आयुष्यभर टिकेल" असं कोणी म्हटलं तर दुकान बदला.

घरच्यासाठी चार गोष्टी. बिल आणि खोकं वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. वॉरंटीत असेल तर उघडू नका, माझ्याकडेही आणू नका. ड्रिफ्ट थोडाच असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन वाढवून बघा, बरेच महिने निघतात. आणि वायर माऊसभोवती घट्ट गुंडाळू नका, ती तोंडाशीच तुटते.

आता ती जुनी गोष्ट.

1994 ची दिवाळी, आपली नववी. आमच्या दोघांत मिळून व्हिडिओ गेम भाड्याने आणला होता. दिवसाचे पन्नास रुपये आणि अनामत तीनशे. अनामत माझ्या मित्राने भरली होती, दुकानदाराच्या वहीत नावही त्याचंच. तो या सभागृहात बसलाय, मी नाव घेत नाही. दुपारी तो जेवायला घरी गेला आणि दुसऱ्या रिमोटचं गोळ्या झाडायचं बटण अडकायला लागलं. मी वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर आणून रिमोट उघडला. आत हिरव्या पट्टीवर बटणाच्या जागी काळा थर दिसला. मला वाटलं, मळ आहे. कंपासपेटीतल्या ब्लेडने मी तो चांगला चकचकीत होईपर्यंत खरवडला. जोडून बघितलं, बटण पूर्ण मेलं.

तो मळ नव्हता, कार्बन होता. वीज त्याच्यातूनच जायची. हे मला पुढे आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिक शिकताना कळलं. त्या तासाला निदेशक कार्बनचा पट्टा दाखवत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रिमोट होता.

त्या संध्याकाळी मी रिमोट बंद करून खोक्यात ठेवला आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने अनामत ठेवून घेतली. मित्राच्या वडिलांनी त्याला मारलं, आणि दिवाळीची उरलेली सुट्टी तो त्यांच्या बरोबर बाजारात भाजीच्या गाळ्यावर बसला. त्याने सगळ्यांना सांगितलं, "मी काही केलं नाही." कोणी विश्वास ठेवला नाही. मला माहीत होतं तो खरं बोलतोय. शाळा सुरू झाली, आम्ही एकाच बाकावर बसलो, आणि मी दहावी संपेपर्यंत एक शब्द बोललो नाही.

पुढे टीव्ही दुरुस्तीचा धंदा बसला आणि मी माऊसकडे वळलो. दुकानात पहिल्या दिवसापासून एक नियम आहे: माझ्या हातून काही तुटलं तर ते बिलावर लिहायचं आणि भरून द्यायचं. पोरं कामाला आली की आधी हेच शिकतात. गिऱ्हाईक विचारतात, "हे टिकेल ना?" मी म्हणतो, किती टिकेल ते माझ्या हातात नाही, पण आत काय केलं ते खरं सांगेन. हा नियम कुठून आला ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मित्रा, तो रिमोट मी बिघडवला होता. तुझे वडील आता नाहीत, त्यांना सांगायचं राहून गेलं. निदान आपल्या वर्गासमोर आणि आपल्या गुरुजनांसमोर सांगतो. तू खरं बोलत होतास.



(स्मरणिकेसाठी हा मजकूर लिहून देताना एवढंच जोडतो. भाषण झाल्यावर जेवणाच्या रांगेत तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ब्लेड माझ्या कंपासमधलं होतं, परत ठेवलंस तेव्हा त्याला काळं लागलेलं होतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? त्याने माझ्या ताटात एक जास्तीची जिलबी टाकली आणि म्हणाला, "तू सांगशील असं वाटत होतं. उशीर लावलास." पुढच्या आठवड्यात त्याच्या मुलाचा कंट्रोलर कुरिअरने दुकानात आला. डावी दांडी ड्रिफ्ट होत होती. बदलून पाठवली, बिल केलं नाही. तीनशे रुपये मात्र तो घ्यायला तयार नाही, त्यावर अजून आमचं भांडण चालू आहे.)