आधी साध्य लिहा

आदरणीय गुरुजन आणि 1998 च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता अकरावी-बारावीत आहेत. परदेशात राहून प्रवेशपरीक्षा कोणती द्यायची, यावर पाच मिनिटं बोल." मी मस्कतला सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मला यातलं कळत असणार, असा त्यांचा समज. खरं सांगायचं तर या विषयात मी आधी नापास झाले, मग शिकले.

आपल्या वेळचं आठवा. बारावीचे पीसीएमचे गुण आणि त्यावर लागणारी यादी. त्या गुणांवर मी इथेच सांगलीत इंजिनिअर झाले. परीक्षा निवडण्याचा प्रश्नच आला नाही.

माझी मुलगी मस्कतच्या सीबीएसई शाळेत अकरावीत गेली, तेव्हा समोर दोन परीक्षा होत्या. जेईई मेन आणि सॅट. एनआयटीसारख्या संस्थांत परदेशातल्या मुलांसाठी 'डासा' नावाची वेगळी प्रवेशयोजना आहे. पूर्वी तिथे सॅटच्या विषयवार परीक्षांचे गुण चालायचे. 2021 मध्ये त्या परीक्षा बंद झाल्या आणि जेईई मेन लागू झाली. आम्हाला सल्ला देणाऱ्यांची मुलं त्याआधीची! "सॅट दे, दोन्हीकडे चालते," असं सगळे छातीठोकपणे सांगायचे. मी मूळ माहितीपत्रक उघडलंच नाही.

मग आम्ही दोन्ही परीक्षांची तयारी सुरू केली. जेईईचा ऑनलाइन क्लास भारतातून. तिथले सहा म्हणजे आमचे साडेचार. पोरगी शाळेतून येऊन दप्तर टाकायची आणि स्क्रीनसमोर बसायची. शुक्रवारी सुट्टी, तर त्या दिवशी सॅट.

या दोन परीक्षांचा स्वभावच वेगळा. सॅटमध्ये इंग्रजी आणि गणित, सव्वादोन तास, गणिताला कॅल्क्युलेटर चालतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून शिकवतात, एकही प्रश्न सोडू नका. जेईई मेनमध्ये भौतिक, रसायन, गणित, तीन तासांत 75 प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. तिथे सोडून देणं हेही कौशल्य.

एका सराव परीक्षेत तिनं सॅटच्या सवयीनं 14 प्रश्नांची उत्तरं अंदाजानं ठोकली. 3 बरोबर, 11 चूक. बारातून अकरा गेले, हाती एक गुण. मी चिडले. म्हटलं, "अगं, डोकं कुठे होतं तुझं?"

ती शांतपणे म्हणाली, "आई, जेईई तुला हवीय. सॅट बाबांना हवीय. मला काय हवंय ते कुणी विचारलंय का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. ती म्हणाली ते खरं होतं. मला ती भारतात हवी होती, माझ्या आईबाबांजवळ. तिच्या बाबांना ती अमेरिकेत हवी होती. आम्ही नवराबायको एकमेकांशी न बोलता तिच्या वेळापत्रकातून भांडत होतो.

मला आपल्या भूमितीच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. पक्ष, साध्य, सिद्धता. साध्य न लिहिता कुणी सिद्धता सुरू केली, की तुम्ही वही परत करायचात. मी तेच केलं होतं. साध्य कोरं ठेवून पानंच्या पानं सिद्धता!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो. तिला पाण्याचं काम शिकायचं होतं. ओमानमध्ये डोंगरातून गावापर्यंत पाणी आणणारे जुने पाट आहेत, त्यांना फलज म्हणतात. ते तिनं लहानपणापासून पाहिलेले. आणि 2019 च्या महापुरानंतर आजीच्या भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघही पाहिलेली. म्हणाली, "मला सिव्हिल करायचंय, आणि भारतात."

मी कॉम्प्युटरवाली. सिव्हिल ऐकून पोटात गोळा आला, कबूल करते. पण साध्य तिचं होतं. सॅटचा क्लास बंद केला, भरलेले पैसे गेले. बाबा आठवडाभर गप्प होते. मग मी माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचलं. डासाचं शुल्क डॉलरमध्ये असतं, पण आखातात नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांचा त्यातच वेगळा गट आहे आणि त्यांना शिक्षण शुल्क भारतातल्या मुलांइतकंच पडतं. हे मला तेव्हा कळलं!

तिनं मस्कतच्याच केंद्रावर जेईई मेन दिली. आज ती एका एनआयटीत सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला आहे. मेसच्या आमटीबद्दल रोज तक्रार करते. सुट्टीत आजीकडे येते, ती मात्र स्वतःहून.

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना एवढंच सांगते. कोणती परीक्षा सोपी, हे शेवटी विचारा. आधी मुलाला विचारा, काय शिकायचंय आणि कुठे. मग त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, कारण नियम बदलतात. आणि शक्यतो अकरावीच्या सुरुवातीलाच एक वाट धरा.

बाई, वही परत आणली आहे. या वेळी साध्य लिहिलंय.