वेड आणि आजार



विठ्ठलाचं वेड, टाळाचं वेड असं आपण कौतुकानं म्हणतो. पण खरोखर मन आजारी पडलेला कुणी गायला-वाजवायला बसला, की चार जण म्हणतात, "देवानंच त्याला तसं केलंय, म्हणून तर एवढी कला आहे." आम्हांला हे पटत नाही.

तुकोबारायांचंच पाहा ना. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात थोरली बायको अन्नावाचून गेली, लेक गेला, धंदा बुडाला. पण असं दुःख तेव्हा घरोघरी होतं. तुकोबा एकच झाले. कारण त्यांनी आधीच्या संतांची वचनं पाठ केली, कीर्तनात मागं उभं राहून ध्रुपद धरलं. अभंगामागं ही मेहनत आहे.

आमच्या दिंडीतले एक मृदंगी. रात्र-रात्र झोप नाही, कानात कुणी बोलतंय म्हणायचे. गोळ्या सुरू झाल्या तर हात जड झाला. (खोटं नव्हतं ते, काही गोळ्यांनी होतं तसं.) "सोडा गोळ्या, हात मोकळा होईल," असा सल्ला मिळाला. त्यांनी सोडल्या, अन् दोन वाऱ्या मृदंग खुंटीलाच राहिला. शेवटी डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, बोल पुन्हा सुटे निघू लागले.

सरकारचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. दिंडीच्या ट्रकवर तो लिहून घेतलाय.

मृदंगीबुवांच्या गोळ्या आता विणेकऱ्यांच्या पडशीत असतात. रात्रीची पंगत उठली, की ते हाक मारून देतात.